तंजावरचे ग्रंथप्रेमी महाराज

तमिळनाडूत, कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात, तंजावर नावाचे प्राचीन नगर आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तेथे मराठ्यांची गादी स्थापन केली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ व तेलुगू भाषांच्या सहवासात, मराठी भाषा त्या राजवाड्यात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ नांदली. याच गादीवर पुढे सरफोजीराजे बसले. त्यांनी एकही मोठी लढाई जिंकली नाही की राज्याची सीमा वाढवली नाही. तरीही त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते त्यांच्या ग्रंथसंग्रहामुळे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. १७८७ मध्ये, मृत्यूला थोडेच दिवस उरले असता, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाला मुलाचा सांभाळ करण्याची विनंती केली. परंतु राज्य तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्या हाती गेले आणि बालराजपुत्राच्या नशिबी नजरकैद आली. सूर्याचा प्रकाश न शिरणाऱ्या दालनात, दिव्याच्या मंद उजेडात तो दिवस काढी. त्याला शिकू दिले जात नव्हते. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे वारंवार गाऱ्हाणे मांडले, तेव्हा कोठे १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेण्यात आले. तेथे त्याचे शिक्षण सुरू झाले. ज्याला अक्षरांपासून बळेच दूर ठेवले, त्याला अक्षरांची गोडी किती लागावी, हे पुढील आयुष्याने दाखवून दिले.

१७९८ मध्ये इंग्रजांनी सरफोजींचा हक्क मान्य करून त्यांना गादीवर बसवले. हे उपकार फुकटचे नव्हते. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, कंपनी सरकारने त्यांच्याकडून तह लिहून घेतला. राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला व राजवाडा, आणि वार्षिक तनखा व महसुलाचा पाचवा हिस्सा. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. मानमरातब होता, द्रव्य होते. सत्ता मात्र नव्हती. अशा स्थितीतील कित्येक संस्थानिकांनी शिकारीत व नाचरंगात आयुष्य घालवले. सरफोजी पुस्तकांकडे वळले.

राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून एक पोथीशाळा होती. तिलाच सरस्वती महाल म्हणतात. ताडपत्रावरील पोथ्यांचा तेथे पूर्वीपासून साठा होता. सरफोजींनी त्याला विशाल रूप दिले. मद्रासच्या मार्गाने त्यांनी युरोपातून ग्रंथ मागवले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा अनेक भाषांतील साडेचार हजारांहून अधिक पुस्तके त्यांनी जमवली. त्यांत वैद्यक होते, रसायनशास्त्र होते, वनस्पतिशास्त्र होते, नाटके व प्रवासवर्णनेही होती. ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची काही मौजेची चित्रेही या संग्रहात आहेत. माणसाचा चेहरा घुबडासारखा, उंटासारखा किंवा बैलासारखा कसा दिसतो, हे त्यांत शेजारीशेजारी रेखाटले आहे. अनेक पुस्तकांवर महाराजांनी इंग्रजीत स्वतःच्या हाताने सही केली आहे.

ही पुस्तके केवळ शोभेसाठी नव्हती. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा युरोपातील शास्त्रज्ञांची नावे व मते महाराजांच्या तोंडून सहज ऐकून ते चकित झाले. वाचलेले विषय महाराज करूनही पाहत. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य औषधांची पारख होई. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवली जात. त्यांनी नवविद्येची शाळा काढली आणि राजवाड्यात देवनागरी छापखानाही चालवला. इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर तेथेच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. मुंबई-पुण्याकडील मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तके अद्याप यावयाची होती, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१८२० मध्ये महाराज हजारो माणसांसह काशीयात्रेस निघाले. बैलगाड्यांच्या त्या काळात तंजावर ते काशी म्हणजे महिनोगणती प्रवास. इतर यात्रेकरू गंगाजल घेऊन परततात. महाराजांनी त्यासोबत पोथ्याही आणल्या. जी पोथी तिचा मालक विकावयास तयार नसे, तिची नक्कल पंडितांकडून करवून घेतली जाई. पोथी मिळवण्यापेक्षा ती टिकवणे अधिक कठीण. दक्षिणेच्या दमट हवेत कसर व वाळवी यांना ताडपत्र फार प्रिय. म्हणून वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी यांची पूड पुरचुंडीत बांधून पोथ्यांशेजारी ठेवण्याची रीत तेथे पडली.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसता वारले. इंग्रजांनी गादी खालसा केली आणि राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. त्या वेळी सरस्वती महालाचे काय होईल, हे कोणालाच सांगता आले नसते. जडजवाहीर मोजावयास अधिकारी येतात. जुन्या ताडपत्रांची किंमत कोण करणार? राण्यांनी विलायतेपर्यंत दाद मागितली आणि काही वर्षांनी मालमत्ता परत मिळाली. पुढे बर्नेल नावाचे एक इंग्रज न्यायाधीश तंजावरला आले. ते संस्कृतचे मोठे जाणकार होते. त्यांनी या संग्रहातील संस्कृत पोथ्या तपासून त्यांची सूची तयार केली. ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि युरोपातील विद्वानांना या ठेव्याची ओळख पटली.

१९१८ मध्ये हा ग्रंथसंग्रह सर्व लोकांसाठी खुला झाला. तंजावरात पिढ्यान्पिढ्या पोथ्या जपणारी इतरही घराणी होती. जंबुनाथ भट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांच्या घरचे खाजगी संग्रहही सरस्वती महालात येऊन दाखल झाले. आज तेथील हस्तलिखितांची संख्या सुमारे ४९,००० आहे. संस्कृत, तमिळ व तेलुगू पोथ्यांसोबत मराठी पोथ्या तेथे आहेत, आणि दरबारच्या मोडी कागदपत्रांची शेकडो बासनेही आहेत. त्यांतील पुष्कळशी अद्याप कोणी पूर्ण वाचलेली नाहीत.