गाणे संपेपर्यंत दारात थांबा

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी संगीताच्या खोलीच्या दारावर एक कागद लागायचा. गायनाच्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात त्यावर नियम लिहिलेले असत. तंबोरा आणि तबला पडद्यामागेच जुळवून घ्यायचे. चपला विंगेबाहेर काढायच्या. दुसऱ्याचे गाणे चालू असताना कुजबुजायचे नाही. आपले झाले म्हणून आईबाबांबरोबर घरी पळायचे नाही, शेवटच्या मुलाचे गाणे होईपर्यंत बसायचे. साथीदारांना नमस्कार केल्याशिवाय उठायचे नाही. आणि शेवटचा नियम, लाल शाईत: गाणे चालू असताना कोणीही आत येणार नाही.

हा ‘कोणीही’ किती मोठा असू शकतो, ते मी आठवीत असताना पाहिले. माझा भूपातला छोटा ख्याल चालू होता. तासभर उशिरा आलेले प्रमुख पाहुणे नेमके तेव्हा दारात पोहोचले. व्यासपीठावरून मला थांबण्याची खूण झाली. मी गडबडले, पण तबला थांबला नाही, कारण तबलजी बाईंकडे बघत होते. बाई दारात उभ्या होत्या, पाहुण्यांना हात जोडून आणि वाट अडवून. ख्याल संपला, टाळ्या झाल्या, मगच पाहुणे आत आले. दुसऱ्या दिवशी बाईंना बरेच ऐकून घ्यावे लागले असणार. आम्हा मुलींना त्या हट्टी वाटल्या, एवढेच.

खोलीत एक तसबीर होती, पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांची. गुरुपौर्णिमेला तिला हार घालायचा आणि ‘गांधर्व’च्या परीक्षेला कल्याणला जायच्या सकाळी तिच्या पाया पडायचे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा तीन पायऱ्या चढून मी दहावीला थांबले आणि पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर गाणे सुटलेच. त्या तसबिरीतल्या माणसाचे आयुष्य मी वाचले ते चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हा बाईंच्या कागदाचा अर्थ लागला. या स्मरणिकेसाठी काही लिहून दे असा निरोप आला, तेव्हा हेच लिहायचे ठरवले.

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुसकर. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. मुलगा शाळेत जात होता, शिकून कुठेतरी चिकटला असता. पण एका उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला आणले. दृष्टी पूर्ण गेली नाही, पण पुस्तकाच्या शिक्षणाला पुरेल इतकीही राहिली नाही. आवाज चांगला होता. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय मिळाला आणि विष्णूला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवण्यात आले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे गुरू. त्या काळी शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पडेल ते काम करणे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा मिळेल तेवढे उचलणे. वही नाही, अभ्यासक्रम नाही, आज काय शिकायचे आणि पुढच्या महिन्यात काय, याचा हिशेब नाही. विष्णू दिगंबरांनी अशी सुमारे बारा वर्षे काढली आणि विद्या पक्की केली.

मिरजेतल्या त्या वर्षांतला एक प्रसंग त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. गावात एक समारंभ होता. प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली. विष्णू दिगंबरांनाही बोलावणे होते, कारण ते राजाश्रयातले. पण गुरुजींना नव्हते. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की यात चुकून राहून जाण्यासारखे काही घडलेलेच नव्हते. बुवा पडले गवई, त्यांना अशा ठिकाणी कशाला बोलवायचे, असा साधा हिशेब होता. ज्यांच्या गाण्यावर दरबार डोलत असे, त्यांना त्याच गावच्या समारंभात खुर्ची नव्हती. ही गोष्ट त्या तरुणाच्या मनाला लागली. पुढच्या पस्तीस वर्षांत त्यांनी जे जे केले, त्याची सुरुवात मला या दारापाशी दिसते.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करत ते गात राहिले. सौराष्ट्रात त्यांनी माफक तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. आज यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा नाटकाला तिकीट होते, ख्यालाला नव्हते. ख्याल ऐकायचा तो दरबारात, देवळात नाहीतर श्रीमंताच्या दिवाणखान्यात. तिथे यजमान बोलत असे, पान लावत असे, मनाला येईल तेव्हा गाणे थांबवत असे, कारण बिदागी तोच देणार. तिकीट काढून आलेला माणूस मात्र ऐकायला आलेला असतो. त्याचे गवयाशी नाते बरोबरीचे असते. गवयावरही जबाबदारी येते: जाहीर केलेल्या वेळी सुरू करायचे, ठरलेले गायचे, नीट कपड्यांत आणि शुद्धीत बसायचे. विष्णू दिगंबर वेळेच्या आणि शिस्तीच्या बाबतीत स्वतःला कधी सूट देत नसत.

मग आले लाहोर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मराठी माणूस, परका मुलूख, पाठीशी संस्थानिक नाही. लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या कार्यक्रमांच्या पैशांवर चालणारी ही गाण्याची शाळा. सुरुवातीला विद्यार्थी येईनात. सांगतात की पंडितजी रोज ठरल्या वेळी दार उघडत, तंबोरा लावत आणि वर्गाची वेळ संपेपर्यंत एकटेच गात बसत. हळूहळू मुले येऊ लागली, चांगल्या घरांतली येऊ लागली. मुलींसाठीही वर्ग निघाले.

या शेवटच्या वाक्यावर मी वाचताना थांबले होते. त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने चारचौघांत गाणे ही बदनामीची गोष्ट होती. आमच्या पिढीच्या मुलींना शाळेच्या रंगमंचावर गाताना कोणी हटकले नाही, उलट आईने नवा परकर-पोलका शिवला. ही मोकळीक आपोआप आलेली नव्हती.

शाळेसाठी त्यांनी अभ्यासक्रम आखला, परीक्षा आणि पदव्या ठरवल्या, चिजा लिहून काढण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली, पुस्तके छापली. ‘उपदेशक’ वर्गातली मुले नऊ वर्षांच्या करारावर राहात. त्यांचे जेवणखाण आणि शिक्षण शाळा करी आणि बदल्यात त्यांनी पुढे शिकवायचे. त्यांची दिनचर्या ठरलेली, व्यसनाला थारा नाही. गवई म्हणजे बेशिस्त आणि व्यसनी, हा समज मोडायचा तर गवयाच्या वागण्यात कोणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, असे त्यांचे गणित होते.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले आणि ते जोरात चालले. पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बा. र. देवधर ही त्यांची शिष्यमंडळी. तानसेन घडवता आले नाहीत तरी कानसेन घडवायचे, असे त्यांचे धोरण सांगितले जाते. म्हणजे दहा मुलांतला एक गायक होईल, पण उरलेली नऊ नीट ऐकायला तरी शिकतील. मी त्या नवांतली.

त्यांच्या कामाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवू नये. घराघरांत गाणे पोहोचावे म्हणून त्यांनी चिजांमधले शृंगाराचे शब्द बदलून भक्तीचे घातले. त्यात काही जुने हरवले. गाण्याला प्रतिष्ठित करताना, ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या गाणाऱ्या स्त्रिया आणि अनेक मुसलमान उस्तादांची घराणी या नव्या प्रतिष्ठेच्या कडेला राहिली. इतिहासकारांनी यावर नेमके बोट ठेवले आहे. एका दारातून गाण्याला आत घेताना दुसरे दार काही जणांसाठी अरुंद झाले.

मुंबईच्या शाळेच्या इमारतीसाठी त्यांनी मोठे कर्ज काढले. शाळा फीवर चालत नव्हती. पंडितजी गावोगाव कार्यक्रम करून पैसे आणत आणि ते व्याजात जात. १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असताना सावकारांनी जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला. एवढी वर्षे ज्या माणसाने कार्यक्रम वेळेवर सुरू केला, त्याला कर्जाची वेळ पाळता आली नाही.

त्या आधीच्या वर्षी, १९२३ मध्ये, काकीनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन होते. अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांच्याकडे असे. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गाण्याला हरकत घेतली. पंडितजींनी गाणे थांबवले नाही, पूर्ण केले. या प्रसंगावर राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. मला त्यात मिरजेतला तो मुलगा दिसतो. सभेने गाण्यासाठी बोलावले आहे, तर गाणारा सभेत उपरा नाही आणि व्यासपीठावरच्या इशाऱ्याने तो मध्येच गप्प बसणार नाही.

घरचे दुःखही थोडे नव्हते. मुले जन्मली आणि लहानपणीच गेली. १९२१ मध्ये झालेला दत्तात्रेय तेवढा जगला. शेवटची वर्षे पंडितजींनी नाशिकला रामनाम आधाराश्रमात काढली. भगवी वस्त्रे, तुलसी-रामायण आणि रामनाम. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच पुढे द. वि. पलुसकर म्हणून देशभर ऐकला गेला आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

मागे इमारत उरली नाही, पण शिष्य उरले. त्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकबुवांनी पुण्यात, देवधरांनी मुंबईत शाळा चालवल्या. मंडळाच्या परीक्षा गावोगावी पोहोचल्या आणि त्यातलीच एक वाट अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातल्या आमच्या बाईंच्या खोलीपर्यंत आली. दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या बाई कोणाची गोष्ट पुढे नेत होत्या, हे मला तीस वर्षांनी कळले. गाणाऱ्या मुलीला त्या सांगत होत्या की तुझे गाणे चालू आहे तोवर या दालनात तुझ्याहून मोठे कोणी नाही.

आता खरे कारण सांगते. मागच्या मेळाव्यात शाळेतल्या आत्ताच्या मुलांनी आपल्यासाठी गाणी बसवली होती. एक मुलगी यमन गात होती. तिचा ख्याल जमत आला होता, एवढ्यात एका सत्कारमूर्तींना निघायची घाई झाली. निवेदकाने माइक घेतला, शाल-श्रीफळ झाले, फोटो झाले. ती मुलगी तंबोऱ्याशेजारी बसून राहिली आणि मग तिला उठायला सांगितले. तिचे गाणे पुरे झालेच नाही. त्या वेळी मी मागच्या रांगेत मैत्रिणींशी गप्पा मारत होते आणि नंतर सेल्फीसाठी उभीही राहिले. बाईंची विद्यार्थिनी असून दारात उभी राहिले नाही. ते मनातून जात नाही.

देवळाच्या परिसरात आता मोठा कला महोत्सव भरतो, नामवंत येऊन गातात, आपण तिथे शांत बसून ऐकतो. मोठ्या नावासमोर शांत बसणे सोपे असते. आठवीतल्या मुलीसमोर बसता आले पाहिजे.

म्हणून संयोजक मित्रमैत्रिणींना एक विनंती. या वेळी मुलांचे गाणे पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू करूया, पाहुणे आले असोत वा नसोत. सत्कार गाण्याआधी नाहीतर गाण्यानंतर, मध्ये नाही. फोन बंद, जेवणाची भांडी लावणे बंद, आणि शेवटच्या मुलाचे होईपर्यंत कोणी उठायचे नाही. मागच्या वेळी यमन गाणारी मुलगी यंदा दहावीत असेल. ती तयार असेल तर पहिले गाणे तिचे ठेवूया, पूर्ण.

दाराशी मी उभी राहते.