सह्याद्रीची चढण मोजणारे जेम्स बर्कले

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी कसाऱ्यापुढे थळ घाट चढून इटारसीमार्गे भोपाळला, अरेरा कॉलनीलगतच्या राणी कमलापती स्थानकात पोहोचते. पुण्याची गाडी बोर घाट चढते. या दोन्ही घाटमार्गांची आखणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली, ते अभियंते जेम्स जॉन बर्कले.

बर्कले यांचा जन्म १८१९ साली लंडनमधील होलोवे येथे झाला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली अनुभव घेऊन ते १८५० च्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते म्हणून मुंबईत दाखल झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. परंतु तो सपाटीवरचा होता. खरी कसोटी पुढे उभ्या असलेल्या सह्याद्रीची होती.

आरंभी माळशेज घाटातून मार्ग नेण्याचा विचार होता. बर्कले यांनी डोंगररांगांची पाहणी करून थळ आणि बोर हे घाट अधिक योग्य ठरविले. आधुनिक साधने नसलेल्या त्या काळात दुर्बीणयंत्र, साखळी आणि समतलयंत्र घेऊन कड्याकपारींतून उंची मोजावी लागे. नकाशावरील लहानशी चूकही पुढे बोगद्याला किंवा पुलाला भोवणारी होती. चढ जास्त ठेवला तर इंजिन थकणार, कमी ठेवला तर मार्ग लांबून खर्च वाढणार, असा हा पेच होता.

बोर घाटाच्या सुमारे २५ किलोमीटरच्या मार्गात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि ३७ फुटांस १ फूट असा कमाल चढ आला. एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटविण्याचे स्थानक योजावे लागले. १८५६ मध्ये काम सुरू झाले. हजारो मजूर त्यावर राबले. पटकीच्या साथीने आणि अपघातांनी त्यांतील असंख्य दगावले. त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत.

बर्कले यांचीही प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी निवर्तले. बोर घाट २१ एप्रिल १८६३ रोजी, तर थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. आपण आखलेल्या वाटेवरून गाडी चढताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे १८८८ पर्यंत मुरगावहून दूधसागरमार्गे कॅसलरॉकपर्यंत गोव्याचाही लोहमार्ग याच सह्याद्रीवर चढला. डोंगर तोच होता आणि मोजणीची शिस्तही तीच. गोव्याच्या प्रवाशाला म्हणूनच बर्कले परके वाटू नयेत.