मुक्तीच्या छापखान्यातील धर्मशिक्षण : पंडिता रमाबाईंच्या कार्याची एक बाजू

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उसळलेला वाद यांवरच बहुधा भर दिला जातो. स्वीकारलेला धर्म त्यांनी मुलींना कोणत्या रीतीने शिकविला, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे स्वतःचे शिक्षण सर्वस्वी मौखिक परंपरेतले. पुराणे पाठ करून ती तीर्थक्षेत्री सांगावयाची, हाच कुटुंबाचा चरितार्थ होता. १८७४च्या दुष्काळात आईवडील गेले. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियात फ्रोबेलप्रणीत बालोद्यान पद्धती शिकल्या. मुलाने आधी वस्तू हाताळावी, कृती करावी आणि त्यातून अर्थाकडे जावे, हे त्या पद्धतीचे सूत्र. पाठांतरावर वाढलेल्या विदुषीला हे तत्त्व भावावे, याचे महत्त्व चरित्रकारांनी पुरेसे ओळखलेले नाही.

१८८९मध्ये मुंबईत निघालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरलेले होते. तरीही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, आणि १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी संस्थेशी संबंध सोडला. आक्षेप निराधार नव्हता. रमाबाईंचा उघडपणाही तितकाच खरा होता.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या मुलींमुळे केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले, आणि तेथे हा संकोच उरला नाही. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दुग्धालय अशी कामे प्रार्थनेइतकीच दिनक्रमाचा भाग होती. आंधळ्या मुली ब्रेल लिपी शिकत. त्यांचे शास्त्रवाचन बोटांनीच होई. या अनाथ मुलींना दुसरा आसरा नव्हता, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. श्रद्धा आणि आश्रय यांची सीमारेषा त्यांच्यापुरती पुसटच होती.

या साऱ्यांत छापखान्याचे स्थान वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्याचे खिळे जुळविणे, फर्मे छापणे, घड्या घालणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीतल्या मुलींनी केली. काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नसलेली मुलगी शास्त्रवचन एकेक खिळा उचलून, उलट्या अक्षरांत जुळवीत होती. इतक्या संथ गतीने क्वचितच कोणी धर्मग्रंथ वाचला असेल. नवा करार १९१३मध्ये प्रसिद्ध झाला.

हे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या रूक्ष, अतिशब्दशः म्हणून बाजूस सारले जाते. वाक्यरचना अनेक ठिकाणी अडखळते, हे मान्यच करावे लागेल. परंतु संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या लेखिकेने संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा जाणूनबुजून टाळली, ती अल्पशिक्षित स्त्रियांकरिता. त्या स्त्रिया तिच्यासमोरच, खिळ्यांच्या पेटीपाशी उभ्या होत्या. अभिजात गद्याच्या कसोटीवर या भाषेची परीक्षा करणे म्हणूनच अपुरे ठरते.

१९२१मध्ये कन्या मनोरमा निवर्तली. रमाबाई अखेरपर्यंत मुद्रिते तपाशीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.