भास्कराचार्य आणि एकसष्टाची वर्गप्रकृती

शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगरात भास्कराचार्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होत. हे नगर नेमके कोणते, याविषयीच्या वादात पुराव्यापेक्षा प्रादेशिक अभिमानाचाच भाग अधिक दिसतो. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘करणकुतूहल’ हा त्यांचा उत्तरवयातील ग्रंथ. त्याचा आरंभकाल ११८३ चा आहे.

‘बीजगणिता’तील एका श्लोकात मित्राला उद्देशून दोन प्रश्न घातले आहेत. पैकी दुसरा असा: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच येतो? ६० किंवा ६२ घेतल्यास उत्तर हाताच्या बोटांवर मिळते. तेथे कनिष्ठ मूळ अनुक्रमे ४ व ८ आहे. एकसष्टाचे मात्र लहानात लहान कनिष्ठ मूळ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. या दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले असता ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळते. अशी संख्या चाचपडून सापडणारी नव्हे. भास्कराचार्यांची वाट आखूड आहे. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक. तेथून चक्रवालाचा एकच फेरा, गुणक ७, की ५ आणि ३९ ही मुळे व −४ हा क्षेप हाती येतो. पुढचे काम ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेचे: ३८०५ व २९,७१८ या जोडीवर क्षेप −१ होतो, आणि त्या जोडीची स्वतःशीच भावना केली की उत्तर सिद्ध होते.

चक्रवाल हे नाव इतरांनी दिलेले आहे, हे भास्कराचार्य स्वतःच नमूद करतात. उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेत जयदेवाची ही रीत उद्धृत असल्याने ती त्यांच्याहून जुनी ठरते. हे चक्र प्रत्येक वेळी मिटतेच, याची सिद्धता मात्र त्यांच्या ग्रंथात नाही. अशा समीकरणांना उत्तर असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले. त्यापूर्वी १६५७ मध्ये फर्मा यांनी, भारतीय ग्रंथाची वार्ता नसताना, हाच ६१ चा प्रश्न युरोपीय गणितज्ञांपुढे टाकला होता. ऑयलर यांच्या चुकीमुळे समीकरणाला नाव पेल यांचे लाभले. ‘बीजगणित’ इंग्रजीत उतरले ते १८१३ व १८१७ मध्ये.

भास्कराचार्यांच्या नावाभोवती मुलीच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथा आहे. फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणताना ती सांगितली. मूळ ग्रंथात तिला आधार नाही. पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची साक्ष अधिक भक्कम आहे. चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याच्या १२०७ च्या शिलालेखात वंशावळीचे श्लोक संस्कृत आहेत. देणग्यांचा भाग येताच भाषा मराठी होते, आणि तेथे मठासाठी घाण्यांमागे द्यावयाच्या तेलाचीही नोंद आहे.