सुतळीच्या काठावरचं कणीस

बँकेच्या नोकरीत मराठवाड्यातल्या एका शाखेत मी काही वर्षं पीककर्जाचं टेबल सांभाळलं. १९८५ साली सर्वंकष पीकविमा योजना आली आणि कर्जाबरोबर विमाही आमच्या गळ्यात पडला. भरपाई द्यायची की नाही हे त्या भागातल्या निवडक शेतांवरच्या पीक कापणी प्रयोगावरून ठरे. एका माघात मी असा प्रयोग बघायला मुद्दाम गेलो. उभ्या ज्वारीत चार खुंट्या ठोकलेल्या, त्यांना सुतळी ताणलेली, आतला तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. नेमकं सुतळीवरच एक टपोरं कणीस डुलत होतं. ते आतलं की बाहेरचं? ताटाचं बूड कुठे आहे ते पाहायचं, असा तलाठीभाऊसाहेबांचा खुलासा. शेतकऱ्याला ते बाहेर राहायला हवं होतं, कारण उतारा कमी भरला तरच पैसे मिळणार. एका कणसासाठी चाललेली ती घासाघीस पाहून मला हसू आलं होतं.

त्या घासाघिशीवर एका सातारकर माणसाने उमेदीची वर्षं घालवली होती, हे मला फार उशिरा कळलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म २७ जुलै १९११, खटाव तालुक्यातल्या बुध गावी. फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

तिथलं वातावरण मोठं मजेशीर होतं. कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर त्यांच्या खात्याची वाटणी झाली होती. एक हिस्सा रोनाल्ड फिशर यांच्याकडे, दुसरा पिअर्सनांचे चिरंजीव एगॉन यांच्याकडे. इमारत एकच, पण दोन्ही घरची माणसं चहालासुद्धा वेगवेगळ्या वेळी येत. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं थोडंच आहे! एगॉन यांच्या बाजूला १९३४ साली पोलंडहून जर्झी नेमन आले. थोड्यांना मोजून सगळ्यांबद्दल बोलायचं तर ते थोडे कसे निवडावेत, हा त्यांचा विषय. सुखात्म्यांनी त्याच विषयात काम केलं, १९३६ साली पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एस्सी. मिळवली.

१९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तीन वर्षांत बंगालचा दुष्काळ पडला. माणसं रस्त्यावर मरत होती आणि देशात धान्य नक्की किती पिकलं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. सांगणार कसं? पद्धत आणेवारीची. गावकामगाराने पिकाकडे बघायचं आणि सोळा आण्यांपैकी किती आणे आलं ते नजरेने ठरवायचं. त्या नजरेत सारा, सूट, भीड, भीती असं सगळंच मिसळलेलं असे.

सुखात्म्यांनी ती नजरच बाजूला काढली. गाव कुठलं, शेत कुठलं, शेतातली जागा कुठली, सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. तेवढा तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. आणि हे करायचं महसूल व शेती खात्याच्या त्याच जुन्या माणसांकडून! मला त्यांचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कागदावर उत्तम आणि गावात अशक्य अशा योजना मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या.

याच मुद्द्यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी खटका उडाला. महालनोबिस बंगालमध्ये लहान लहान तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढत. काम झटपट होतं, खर्च कमी येतो आणि माणसं तरबेज असली की चूक होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुखात्म्यांनी मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाची कापणी करून पडताळा घेतला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळातून काढलेला उतारा मोठ्या तुकड्यापेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला! कारण तेच, काठावरचं कणीस. कापणाऱ्याचा हात काठावरचं रोप बाहेर टाकत नाही, आत ओढतो. आता त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि घेरही साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. तेहतीस फूट बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात हेच प्रमाण जेमतेम पाचवा हिस्सा. तुकडा जितका लहान, तितका काठाचा मोह मोठा. हा निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. देशभर पुढे मोठा तुकडाच रूढ झाला.

१९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथे संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. १९७१ साली पद्मभूषण मिळालं. पण मला ओढ आहे ती त्यांच्या पुण्यातल्या उतारवयाची, कारण तिथे ते पुन्हा एका काठावर येऊन उभे राहिले. या वेळी काठ भुकेचा होता.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोजच्या २२५० कॅलरींचा आधार घेऊन दारिद्र्याची मोजणी केली होती. सुखात्म्यांनी हरकत घेतली. माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि काही मर्यादेत शरीर कमी अन्नावर जुळवून घेतं. मग सरासरीच्या खाली गेलेला प्रत्येकजण भुकेला कसा? त्यांच्या हिशेबाने उपाशी लोकांचा आकडा खूप खाली येत होता. १९८०च्या दशकाच्या आरंभी दांडेकर आणि ते जाहीरपणे भिडले. सरकारला हात झटकायला आयतं निमित्त मिळेल, अशी टीका झाली. शरीर जुळवून घेतं हा त्यांचा दावा अनेक पोषणतज्ज्ञांनी मान्य केला नाही. मलाही तो गळी उतरत नाही. ‘जुळवून घेणं’ हा शब्द पोट भरलेल्यांनी वापरला की अंगावर काटा येतो.

पण त्यांचं म्हणणं तिथे संपत नव्हतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, कारण पाणी घाण आणि पोट सतत बिघडलेलं. तेव्हा ताटाबरोबर विहीर आणि शौचकूपही बघा, असा त्यांचा आग्रह होता. मुलांच्या खुरटलेल्या वाढीचा संबंध उघड्यावरच्या शौचाशी जोडणारं संशोधन पुढे बरंच झालं. त्यावर अजून वाद आहेत, पण तो प्रश्न आता कुणी हसण्यावारी नेत नाही.

दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी. दांडेकरांना आपल्याकडे पीकविम्याचे जनक म्हणतात. त्या विम्याची भरपाई ठरत होती ती सुखात्म्यांच्या सुतळीवर. भुकेच्या आकड्यावरून भांडलेली ही दोन माणसं माझ्या टेबलावर एकाच फाइलीत नांदत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.