विषावरच्या उताऱ्याची वाट दाखवणारे ऑटो लोवी

फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झालेला शेतकरी दवाखान्यात आणला जातो तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आलेला असतो. त्याला दरदरून घाम सुटलेला असतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि श्वास घेताना घरघर होत असते. विष ऑर्गनोफॉस्फरस गटातले असेल तर डॉक्टर आधी अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. सरीन, टॅबून यांसारख्या युद्धातल्या विषारी वायूंवरही पहिला उपचार हाच. दोन्ही विषे एकाच घराण्यातली आहेत. ती शरीरात नेमके काय बिघडवतात हे ज्या संशोधनामुळे कळू शकले, त्याचा पाया ऑटो लोवी यांनी घातला.

लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये एका वाइन व्यापाऱ्याच्या ज्यू कुटुंबात झाला. त्यांना शिकायचा होता कलेचा इतिहास, पण घरच्यांच्या आग्रहाने ते स्ट्रासबुर्गला वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. १८९६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि फ्रँकफर्टच्या रुग्णालयात काम करू लागले. तिथे क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण एकामागून एक दगावत होते आणि डॉक्टरांच्या हाती काहीच नव्हते. ही हतबलता त्यांना सोसवेना. रुग्णसेवा सोडून ते औषधशास्त्राच्या संशोधनाकडे वळले. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

त्या काळी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. मज्जातंतूतून संदेश विजेच्या रूपाने धावतो हे माहीत होते. पण मज्जातंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो त्या सांध्यावर काय होते? वीजच पलीकडे उडी मारते की एखादे रसायन निरोप पोहोचवते? दुसरी शक्यता लोवी यांच्या मनात १९०३ पासून होती, पण ती पडताळायची कशी, हे सुचत नव्हते.

ते सुचले झोपेत. लोवी यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे १९२० च्या ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग दिसला. अर्धवट जागे होऊन त्यांनी कागदावर काहीतरी खरडले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते उठले आणि थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग साधा होता. बेडकाची दोन हृदये मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस मज्जातंतूला विजेने चेतवले, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातले. त्याच्या मज्जातंतूला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे निरोप रसायनातून गेला होता. १९२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अनेकांना ते पटले नाही. अखेर १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत लोवी यांनी हाच प्रयोग सर्वांसमोर अठरा वेळा करून दाखवला.

हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. ते काम झाल्याबरोबर नाहीसे होते, कारण एक विकर त्याचे तुकडे करते, हेही लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले. फायसोस्टिग्मिन हे वनस्पतिजन्य द्रव्य त्या विकराला अडवते, हे त्यांना आढळले. अ‍ॅट्रोपिन मात्र रसायन बाहेर पडणे थांबवत नाही, फक्त त्याचा परिणाम रोखते. आजच्या उपचाराचे गमक याच दोन निरीक्षणांत आहे.

१९३६ मध्ये लोवी यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले. त्याच डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती टॅबून लागले. ते लोवींच्या त्याच विकराला जखडून टाकत होते, आणि फायसोस्टिग्मिनपेक्षा कितीतरी घट्ट. नाझी लष्कराने ते ताब्यात घेतले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. मध्यरात्री लोवी यांना आणि त्यांच्या दोन मुलांना तुरुंगात टाकण्यात आले. आपण आता मरणार असे त्यांना वाटले, पण त्याहून मोठी चिंता होती ती हातातल्या संशोधनाची. पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवून त्यांनी त्यावर निष्कर्ष लिहिले आणि एका नियतकालिकाकडे पाठवले. पुढे सुटका झाली ती नोबेलची सगळी रक्कम नाझींच्या हवाली केल्यावर. पत्नी मागे राहिल्या. त्यांची भेट तीन वर्षांनी झाली.

ब्रसेल्स आणि ऑक्सफर्ड असे करत १९४० मध्ये लोवी न्यूयॉर्कला पोहोचले. वय जवळपास ६७. बंदरात त्यांनी आपल्या आरोग्य दाखल्यावर नजर टाकली तर त्यात ते वार्धक्यामुळे कमाईस असमर्थ असल्याचा शेरा होता. अधिकाऱ्याने तिकडे काणाडोळा केला. लोवी यांनी पुढची अनेक वर्षे न्यूयॉर्क विद्यापीठात काम केले.

त्यांच्या हयातीतच, १९५५ मध्ये त्याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात प्रॅलिडॉक्सिम तयार झाले. आपल्या डॉक्टरांचे हे ‘पॅम’ जखडलेले विकर पुन्हा मोकळे करते, मात्र ते वेळेत द्यावे लागते. २५ डिसेंबर १९६१ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी लोवी यांचे निधन झाले.

एक प्रश्न मात्र मागे उरला, तो आकडीचा. साचलेले अ‍ॅसिटिलकोलिन मेंदूला चेतवते आणि रुग्णाला फिट येऊ लागतात. सुरुवातीला त्यांचे मूळ हेच रसायन असते. पण काही मिनिटांतच ग्लुटामेट हे दुसरे रसायन सूत्रे हाती घेते आणि मग अ‍ॅट्रोपिनसारखी औषधे आकडी थांबवू शकत नाहीत. म्हणून डायझेपाम किंवा मिडाझोलाम द्यावे लागते. तेही लवकर, कारण आकडी लांबली की या औषधांना प्रतिसाद देणारी पेशींवरची केंद्रेच कमी होत जातात. उशीर झाल्यास जीव वाचला तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्नायूत दिलेले मिडाझोलाम डायझेपामपेक्षा लवकर भिनते. अमेरिकेने त्याच्या स्वयंचलित इंजेक्शनला मान्यता दिली आहे. उशिरा सापडलेल्या रुग्णासाठी काय करावे, यावर अजून संशोधन सुरू आहे.

टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ मध्ये सरीन सोडले गेले, तेव्हा हजारो लोकांना दवाखाना गाठावा लागला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या फवाऱ्यात ऑर्गनोफॉस्फरस गटातली औषधेही होती. म्हणून फवारणीनंतर घाम, लाळ, अंधूक दिसणे, अंग थरथरणे यांपैकी काहीही जाणवले तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. उतारा उपलब्ध आहे, तो वेळेत मिळायला हवा.