नाताळच्या सुट्टीतला हर्ट्झ

हर्ट्झ म्हटलं की आपल्याला आठवतो रेडिओ, नाहीतर संगणकाचा गिगाहर्ट्झ. पण मित्रांनो, मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांचं या माणसाशी त्याहून जुनं नातं आहे!

हाइनरिश हर्ट्झ १८५७ साली जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये एका वकिलाच्या घरी जन्मला. गंमत म्हणजे तो आधी आपल्यासारखाच इंजिनिअरिंगच्या वाटेला लागला होता. पण म्युनिकला गेल्यावर मन रमेना. त्याने वडिलांची परवानगी मागितली आणि भौतिकशास्त्राकडे वळला. पुढे बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली १८८० मध्ये तो डॉक्टर झाला.

त्याच वर्षीची नाताळची सुट्टी. दोन भिंगं एकमेकांवर ठेवली की प्रकाशाची वर्तुळं दिसतात. हर्ट्झला प्रश्न पडला, दाबामुळे भिंगाचा आकारच बदलला तर? त्याने गणित मांडलं. दोन गोल एकमेकांवर दाबले, तर बल हे दबण्याच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे दबणं दुप्पट, तर बल जवळजवळ २.८ पट. जानेवारी १८८१ मध्ये त्याने हे बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे मांडलं. वय अवघं २३!

पुढे कार्ल्सरूहला १८८६ ते १८८८ या काळात त्याने विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या आणि जगभर नाव झालं. पण १८९२ पासून आजारपण मागे लागलं, शस्त्रक्रिया झाल्या, आणि १ जानेवारी १८९४ रोजी बॉन येथे वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

आज वाळू, धान्य, खडी यांचे लाखो कण संगणकात एकमेकांवर आदळवतात, तेव्हा त्या प्रोग्रॅममध्ये बऱ्याचदा हर्ट्झचाच नियम असतो. तो नीट लिहिलाय का, हे कसं तपासायचं? लाखो कण नकोत, दोनच गोळे पुरेत. ऊर्जा वाया जाऊ न देता ते एकमेकांवर आदळवा. वेग ३२ पट केला की स्पर्शाचा काळ बरोबर निम्मा व्हायला हवा. साध्या स्प्रिंगचा नियम असेल तर तो काळ बदलतच नाही. उत्तर जुळलं नाही, तर पडद्यावरचा ढिगारा कितीही खरा दिसो, त्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्याही सुट्ट्या येतातच की! सगळ्या झोपण्यात घालवायच्या, की एखादा प्रश्न सोबत घरी न्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.